शिकताना गेलेले

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडमधली ५५,५७३ माणसं गेली. त्यांतली सुमारे आठ हजार माणसं गेली तेव्हा जर्मनीवर बॉम्ब टाकायला निघालेलीच नव्हती. कुणी शिकत होतं, कुणी शिकवत होतं, कुणी दुरुस्त केलेलं विमान तपासून पाहत होतं. ती इंग्लंड-स्कॉटलंडात, आपल्याच धावपट्ट्यांच्या आसपास मेली. अमेरिकेचा हिशेब याहून मोठा आहे. तिच्या मुख्य भूमीवर त्या युद्धात शत्रूच्या विमानदलाची चढाई कधी झाली नाही, तरी तिच्या लष्करी हवाई दलाची जवळपास पंधरा हजार माणसं तिथेच, मायदेशातल्या विमान अपघातांत गेली.

युद्धाची पुस्तकं हे आकडे तळटीपेत देतात आणि पुढे जातात. मला ती तळटीप मुख्य मजकुरात आणायची आहे. शिकताना मेलेला माणूस युद्धातच मेला, ही या प्रस्तावनेमागची माझी भूमिका आहे, आणि ती केवळ भावनेतून आलेली नाही. एरवी काही वर्षं घेणारं शिक्षण युद्ध काही महिन्यांत उरकायला लावतं. जुनी विमानं निवृत्त करायच्या वेळी युद्ध त्यांना शाळेत पाठवतं. आघाडीवरून थकून आलेल्या वैमानिकाला युद्ध विश्रांती म्हणून प्रशिक्षक नेमतं. या तिन्ही गोष्टी एका विमानात, एका सकाळी एकत्र आल्या की अपघात होतो. त्याचं कारण शोधत मागे गेलं तर आपण युद्धापाशीच पोचतो.

पुण्याजवळ खडकीला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची दफनभूमी आहे. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायमची निगा राखली जाईल अशी शाश्वती नव्हती, त्या युद्धानंतर इथे हलवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी इथे आहेत. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. जपान्यांशी लढाई ब्रह्मदेशात, आसामच्या सीमेवर आणि मणिपुरात झाली. सह्याद्रीत किंवा वऱ्हाडात झाली नाही. मग खडकीला ही माणसं आली कुठून? काही आजारानं गेलेली, काही जखमा घेऊन इस्पितळात आलेली, काही रस्त्यावरच्या अपघातातली आणि काही आकाशातून पडलेली. आयोगाचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. युद्धकाळात, सेवेत असताना मृत्यू आला की त्याचं कारण काहीही असो, दगड सारखाच. गोळी लागून मेलेल्याला उंच आणि विमान गिरकीत सापडून मेलेल्याला बुटका, असा भेद तिथे नाही. ज्या भारतीयांचं दहन झालं त्यांना कबर नाही. त्यांची नावं स्मारकांवर आणि नोंदवह्यांत आहेत. म्हणून आपल्या मुलांचा शोध अधिक कठीण होतो.

आपली मुलं या यंत्रात शिरली कशी, हे समजायला भारतीय हवाई दलाचं त्या काळातलं वय पाहावं लागेल. दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला उभी राहिली, चार वापिटी विमानांवर. इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला शिकून आलेले वैमानिक अवघे पाच. त्यांतले दोघे, भूपेंदर सिंग आणि अमरजित सिंग, त्याच वर्षी एका अपघातात एकत्र गेले. दलाचं पहिलं युद्ध अजून व्हायचं होतं, पण पहिले बळी नोंदले गेले होते. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा दलात १६ अधिकारी आणि १४४ हवाई सिपाही होते. १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा ही संख्या सुमारे २८,५०० वर गेली होती, त्यांत १,६०० च्या आसपास अधिकारी. सहा वर्षांत एवढी वाढ कुठल्याही कारखान्याला पेलणं अवघड. इथे तर माणसांना उडायला शिकवायचं होतं, आणि त्यांतल्या अनेकांनी घरी मोटारगाडीही चालवलेली नव्हती.

त्या शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी लाहोरच्या वॉल्टनला, नंतरच्या काळात पुण्याला, जमिनीवरचं शिक्षण: कवायत, दिशाशास्त्र, हवामान, मोर्स. मग हैदराबादच्या बेगमपेठला किंवा जोधपूरला टायगर मॉथवर पहिलं उड्डाण. पुढे अंबाल्याला अधिक जड विमानांवर प्रगत शिक्षण. शेवटी रिसालपूर किंवा पेशावरला लढाऊ विमानांची ओळख. बेगमपेठ तेव्हा निजामाच्या राज्यात. मराठवाडाही त्याच राज्यात. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून निघालेली मुलं या रस्त्याने गेली. मुंबईचे हृषीकेश मुळगावकर याच पिढीतले. ते १९४० साली दलात आले, काश्मीरच्या लढाईत त्यांना महावीरचक्र मिळालं आणि १९७६ साली ते हवाई दलाचे प्रमुख झाले. मुळगावकर आपल्याला माहीत आहेत कारण ते सगळ्या पायऱ्या चढून गेले. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर थांबलेल्यांची नावं महाराष्ट्रात किती जणांना सांगता येतील?

पायऱ्यांमधलं अंतर किती होतं ते जरा थांबून पाहू. टायगर मॉथ हे लाकूड, धातूच्या नळ्या आणि कापड यांचं दोन पंखी विमान, इंजिन १३० अश्वशक्तीचं. पुढच्या जागेवर प्रशिक्षक, मागे शिकाऊ. दोघांची डोकी उघड्या वाऱ्यात. चूक झाली तर बहुतेक वेळा ती सुधारायला वेळ मिळे. पुढच्या पायरीवरचं हार्वर्ड धातूचं, सहाशे अश्वशक्तीचं. ते हवेत गुणी, पण जमिनीला टेकल्यावर लक्ष ढळलं की शेपटी फिरून स्वतःभोवती गरकन वळणारं. वैमानिक याला ग्राउंड लूप म्हणतात. आणि त्यानंतर हरिकेन, हजाराच्या वर अश्वशक्तीचं, एकाच माणसाचं. शाळेत मिळायचं ते हरिकेन एकाच बैठकीचं होतं. पंखावर उभं राहून प्रशिक्षक आतली बटणं आणि दांडे समजावून देई, खाली उतरे, आणि मुलगा एकटा निघे. हरिकेनमधलं त्याचं पहिलं उड्डाण आणि पहिलं एकट्याचं उड्डाण एकच असे. धावपट्टीवर वेग घेताना इंजिनाच्या जोरानं विमान एका बाजूला ओढलं जातं, हे त्याला ऐकून माहीत असे. प्रत्यक्षात ते किती ओढतं, हे त्याला त्या क्षणी कळे.

अनुभवी माणसाला मृत्यू सोडून देतो असंही नाही. करुणकृष्ण मजुमदार, दलात ज्यांना सगळे जम्बो म्हणत, ब्रह्मदेशातल्या पराक्रमासाठी डीएफसी हा शौर्यसन्मान मिळवून नंतर युरोपच्या आघाडीवरही उडाले आणि तोच सन्मान दुसऱ्यांदा मिळवला. फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला प्रदर्शनाच्या तुकडीत हरिकेन उडवताना ते गेले. शत्रूच्या तोफांतून वाचलेला माणूस आपल्याच लोकांसमोर कसरत करताना कोसळला. प्रदर्शनाचा हेतू होता तरुणांना हवाई दलाकडे ओढण्याचा. भरती, प्रशिक्षण, प्रदर्शन ही युद्धाचीच कामं आहेत आणि त्यांत गेलेला मजुमदारही माझ्या लेखी लढाईतच गेला.

नागपूरकरांना हा विषय परका वाटू नये. सोनेगावचा तळ पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सने तो मधल्या टप्प्याचा थांबा म्हणून वापरला. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन लोहमार्ग आपल्या शहरात एकमेकांना छेदतात. रेडिओची मदत तुटपुंजी असलेल्या त्या दिवसांत ढगाखालून रूळ दिसत राहणं म्हणजे वाट सापडणं. वैमानिक रुळांच्या आधाराने देश ओलांडत. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी, अकोल्याची शिवणी, कल्याणजवळची नेवाळी, या सगळ्या त्याच युद्धाने आखलेल्या जागा. नेवाळीच्या शेतकऱ्यांचा आपल्या जमिनीसाठीचा लढा तर २०१७ सालीही रस्त्यावर आला होता, इतकी त्या धावपट्टीची मुळं खोल गेली आहेत.

आणि आपला उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. विमानाच्या दृष्टीने हा आकडा काय सांगतो, ते विदर्भात राहणाऱ्याने समजून घ्यावं असं मला वाटतं. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांना जी घनता असते त्याहून ४५ अंशांना ती नऊ-दहा टक्क्यांनी कमी भरते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, पंख्याची पकड सैल होते, तिन्ही एकदम. विमान धावपट्टीवर जास्त धावतं आणि वर चढताना रडतखडत चढतं. इंग्लंडच्या थंड, जड हवेत आखलेल्या विमानाला, तिथल्याच हवेवर बेतलेल्या पुस्तकातून शिकलेल्या मुलाला, वैशाखातल्या दुपारी टोकाच्या झाडांवरून निघायचं आहे. शिवाय तापलेल्या काळ्या मातीवरून उठणारे झोत, धूळ, आणि जूनमध्ये क्षितिजावर अचानक उभी राहणारी वळिवाची भिंत. जगभर उन्हाळी मुलखातल्या उड्डाणशाळा पहाटेच का सुरू होतात, त्याचं उत्तर या हवेत आहे. ज्यांनी ही वेळापत्रकं बदलली त्यांनी ती अपघातांच्या नोंदी वाचूनच बदलली असावीत.

इथे मी विषयाच्या गाभ्याशी येतो. अपघाताची नोंद ही शोकवार्ता नसते. ती पुढच्या विद्यार्थ्याचं पाठ्यपुस्तक असते, पण कुणीतरी ती तशी वाचावी लागते. पहिल्या महायुद्धातलं उदाहरण घ्या. रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये चार भारतीय लढाऊ वैमानिक होते. त्यांतले श्रीकृष्ण वेलिंगकर मुंबईचे, केंब्रिजला शिकलेले. २३ व्या स्क्वाड्रनमधून डॉल्फिन विमान उडवताना जून १९१८ मध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं, काही दिवसांत ते जर्मनांच्या कैदेत वारले आणि फ्रान्समध्ये हंगार्डला त्यांची कबर आहे. दुसरे, कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय. नोव्हेंबर १९१७ मध्ये रॉय यांचं विमान उतरताना आदळलं आणि त्यांना मृत समजून बाजूला ठेवलं गेलं, अशी आठवण सांगितली जाते. ते वाचले, पुन्हा शिकायला पाठवले गेले, आणि जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांच्या आत त्यांनी दहा विमानं पाडली. २२ जुलैला ते स्वतः पडले. पहिल्या अपघातातून उठलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा शिकवलं की काय होऊ शकतं, त्याचा हा पुरावा आहे.

रॉय पुन्हा शिकले त्याच सुमारास ब्रिटनमध्ये शिकवण्याची पद्धतच बदलत होती. तोवर गिरकी, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत स्पिन, हा शिकवायचा विषय नव्हता, टाळायचा विषय होता. त्यात सापडलेला मुलगा दांडा जिवाच्या आकांताने मागे ओढी. नाक वर यावं म्हणून तो जे करी त्यानेच विमान आणखी घट्ट फिरे. रॉबर्ट स्मिथ-बॅरी या मेजरने गॉसपोर्टला १९१७ मध्ये उलटं धोरण धरलं. दोघांनाही चालवता येईल अशी दुहेरी व्यवस्था, प्रशिक्षकाचं बोलणं शिकाऊच्या कानात पोचवणारी साधी नळी, आणि प्रशिक्षक सोबत असताना मुलाला मुद्दाम गिरकीत नेऊन त्याच्याच हातांनी बाहेर काढायला लावणं. धोक्यापासून मुलाला दूर ठेवण्याऐवजी धोक्याची ओळख करून द्यायची. पंचवीस वर्षांनी बेगमपेठच्या टायगर मॉथमध्ये बसलेल्या मुलाच्या कानाला जी नळी होती, ती गॉसपोर्टचीच. तिच्यामागे किती मृत्यू आहेत हे त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

दुसरं उदाहरण १९४३ चं, अमेरिकेतलं. बी-१७ बॉम्बर विमानं उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. चौकशीत लिहिलं जाई: वैमानिकाची चूक. आल्फान्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विचारलं की ही चूक याच विमानात का होते, सी-४७ मध्ये का होत नाही? त्याने आत जाऊन पाहिलं. चाकं उचलण्याचा खटका आणि पंखांच्या फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी, एकाच आकाराचे. दमलेला वैमानिक फ्लॅप उचलायला जाई आणि चाकं उचलून बसे. त्याने सुचवलं की चाकांच्या खटक्याला चाकाचा आकार द्या आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा. अंधारात नुसत्या बोटांनाही फरक कळू द्या. आज जगातल्या विमानांत तो आकार आहे. ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द चौकशीच्या शेवटी लिहायचे नसून सुरुवातीला लिहायचे असतात, हे मी या माणसाकडून शिकलो. पुढच्या पानांत जिथे जिथे हे शब्द येतील तिथे वाचकाने पुढचा प्रश्न स्वतः विचारावा: विमान किती जुनं होतं? मुलाचे उड्डाणाचे तास किती? प्रशिक्षकाचं त्या दिवशीचं कितवं उड्डाण? हवा कशी होती? सुटे भाग मिळत होते का?

अर्थात मुलांच्या हातूनही चुका होत. मनाई असताना खाली येऊन उडणं, मित्राच्या किंवा स्वतःच्या गावावरून घिरट्या घालणं, ढगात शिरून वर-खाली विसरणं. सगळ्याच देशांच्या दलांत या चुकांनी जीव घेतले. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला आज इथे आणि उद्या आघाडीवर जायचं आहे, हे ज्याला कळतं त्याने ही चूक समजून घ्यावी.

या गोष्टीत महाराष्ट्रातली आणखी दोन माणसं आहेत आणि ती विमान उडवणारी नव्हेत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४१ साली तिथून बाहेर पडलेलं पहिलं विमान हार्लो जातीचं होतं, म्हणजे प्रशिक्षणाचं. पुढे सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि युद्धात त्याचं मोठं काम दुरुस्तीचं राहिलं. दुसरे कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे. गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टरेट करून आलेले घाटगे युद्धाच्या दिवसांत बंगलोरच्या त्या कारखान्यात होते. त्यांच्या आराखड्यावर उभं राहिलेलं एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं आणि त्याने हवाई दलात टायगर मॉथची जागा घेतली. स्वतंत्र देशाच्या या अभियंत्याने पहिलं यशस्वी विमान नवशिक्यांसाठी केलं, लढाऊ केलं नाही. मला ही निवड फार मोठी वाटते. नवशिक्याच्या चुका पोटात घालणारं विमान आखणं हे वेगवान विमान आखण्याइतकंच कठीण शास्त्र आहे. पुढे किरण हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झालं.

युद्ध संपलं तरी घाई संपली नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर दल झपाट्याने वाढवायचं ठरलं. मराठी बोलणाऱ्या सीमाभागातलं बिदर १९६३ पासून पुन्हा उड्डाणशाळेचं गाव झालं. पण साध्या विमानातून वेगवान लढाऊ विमानात जाताना मधली पायरी हरवली, ती दीर्घकाळ. प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, असं ला फाँटेन समितीने १९८२ साली सांगितलं. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली आणि ती बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. मधल्या पाव शतकात तरुण मुलं मिग-२१ वर शिकत राहिली. मुंबईच्या कविता गाडगीळ यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला रात्री मिग-२१ घेऊन निघाला आणि काही क्षणांत गेला. त्यांनी दोष मुलाच्या माथी मारून प्रश्न मिटवू दिला नाही. त्या आणि त्यांचे पती उड्डाण सुरक्षेसाठी उभे राहिले, देशभर बोलले. चापानिसने प्रयोगशाळेतून विचारलेला प्रश्न एका मराठी आईने दिल्लीला विचारला. तो शांततेच्या काळातला मृत्यू असला तरी त्याची कारणं याच वंशावळीतली आहेत. आणि २००९ च्या जुलैत मेदकजवळ एचपीटी-३२ हे प्रशिक्षण विमान कोसळून दोन अनुभवी प्रशिक्षक गेले, तेव्हा त्या जातीची सगळी विमानं जमिनीवर बसवली गेली.

नागपूरच्या वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. दुरुस्ती, सुटे भाग, साठा, हे इथलं काम. हवाई कसरती पाहायला शहर जमतं ते वैमानिकांसाठी, पण शिकाऊ मुलगा ज्या विमानात एकटा बसतो त्याच्या नोंदवहीवर आधी कुणा तंत्रज्ञाची सही असते. प्रशिक्षण अपघातांच्या या इतिहासात त्या सहीला स्वतंत्र प्रकरण हवं, असं माझं मत आहे. युद्धकाळात सुटा भाग आला नाही म्हणून जुना घासून बसवणाऱ्या हवाई सिपायाचाही हा इतिहास आहे.

बिरसीच्या त्याच युद्धकालीन धावपट्टीवरून आजही मुलं उडायला शिकतात, आता नागरी विमानांसाठी. २०१७ साली तिथून निघालेलं एक विमान वैनगंगेच्या परिसरात आणि २०२३ साली दुसरं बालाघाट जिल्ह्यात लांजीकडे कोसळलं. दोन्ही वेळा एक प्रशिक्षक आणि एक विद्यार्थिनी, दोघंही गेली. हे अंतर नागपूरपासून काही तासांचं आहे. या अपघातांचे चौकशी अहवाल इंग्रजीत असतात. ते मराठीत यायला हवेत, कारण विद्यार्थ्यांचे आईबाप मराठी आणि हिंदी वाचतात.

महायुद्धातल्या मुलांबाबत काम अजून मागे आहे. त्यांच्या उड्डाणाच्या वह्या, ज्यांत प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा क्रमांक आणि प्रशिक्षकाची सही असे, घरोघरच्या ट्रंकांत असू शकतात. पुणे, मुंबई, नागपूर, बेळगाव, हैदराबाद इथल्या कुटुंबांतली तिसरी-चौथी पिढी आता घरं रिकामी करते आहे. वही सापडली तर ती फेकू नका, तिचं पानन्पान छायाचित्रित करा आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला द्या. शेवटची नोंद अर्धवट असली तरी द्या. तपासाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची.